लाल रेघ न येणारी चूक: ‘कॅन’, ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ कुठे अडतात

आधी तक्रार सांगतो. तुम्ही इंग्रजीत मेल लिहिता. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, कॉम्प्युटर कुठे लाल रेघ मारत नाही. तरी समोरचा भलतंच समजून बसतो. तुम्हाला म्हणायचं असतं ‘बहुतेक नाही जमणार’, तो वाचतो ‘शक्यच नाही’. तुम्हाला म्हणायचं असतं ‘उशीर होईल कदाचित’, तो वाचतो ‘उशीर करायची यांना सवयच आहे’. एकदा झालं तर ठीक. पण हे दर महिना-दोन महिन्यांनी होत असेल, तर खाली जे लिहिलंय ते बहुधा तुमच्याचसाठी आहे.

मला हे कळायला एक कंटेनर लागला. मी बॅलार्ड इस्टेटमधे माल परदेशी पाठवण्याच्या कामात आहे. शाळा मराठी माध्यमाची, राहायला भांडुप. जुलैतला दिवस, भिवंडीहून निघालेली गाडी गव्हाण फाट्याच्या अलीकडे ट्रॅफिकमधे अडकलेली, आणि न्हावा शेवा बंदराचं गेट बंद व्हायची वेळ संध्याकाळची. ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, टायमात पोचेल असं वाटत नाय.” मी तेच इंग्रजीत उतरवून तिकडच्या एजंटला कळवलं: ‘द कंटेनर कॅन नॉट रीच बिफोर द गेट कट-ऑफ.’

अर्ध्या तासात एजंटने बुकिंग पुढच्या बोटीवर ढकललं. आणि गाडी? पाऊस थांबला, रस्ता मोकळा झाला, गाडी गेट बंद व्हायच्या दोन तास आधी पोचली. बुकिंग गेलेलं. आठवडाभर डबा यार्डात पडून, त्याचं भाडं आमच्या माथी.

साहेबांनी बोलावून विचारलं, “तुला कोणी सांगितलं पोचणार नाही म्हणून?”

“ड्रायव्हर म्हणाला साहेब, पोचेल असं वाटत नाही.”

“मग तसं लिही ना!”

मला वाटत होतं मी तसंच लिहिलंय.

दोष कुठे आहे

दोष आपल्या ‘शकणे’त आहे, असं मी बरेच दिवस सांगत फिरायचो. ‘शकणे’ हे एकच क्रियापद तीन घरची कामं करतं. ‘तो पोहू शकतो’ म्हणजे त्याला येतं. ‘तू आता जाऊ शकतोस’ म्हणजे परवानगी आहे. ‘आज पाऊस पडू शकतो’ म्हणजे शक्यता आहे. इंग्रजीत ‘कॅन’ पहिली दोन कामं मजेत करतं, तिसऱ्याला मात्र अर्धवटच लागतं. आपण सरसकट ‘शकणे’च्या जागी ‘कॅन’ ठेवतो आणि फसतो.

पण हे निदान अर्धंच खरं. ड्रायव्हरच्या वाक्यात ‘शकणे’ होतंच कुठे? तो म्हणाला होता ‘वाटत नाय’. अशा शंकेच्या नकारात मराठी माणूस ‘शकत नाही’ म्हणतच नाही. ‘येईलसं वाटत नाही’, ‘बहुतेक येणार नाही’, ‘येतोय कसला’ असं म्हणतो. ‘तो येऊ शकत नाही’ म्हटलं की मराठीतही दार बंदच होतं. (माझी आजी तर ‘पाऊस पडू शकतो’सुद्धा म्हणाली नसती. ती ‘पाऊस येतोय वाटतं’ म्हणायची आणि कपडे काढायला गॅलरीत जायची.)

मग माझा हात ‘कॅन नॉट’कडे का गेला? कारण ‘मे’ हा शब्द माझ्या डोक्यात एकाच खणात ठेवलेला होता. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा पहिलं वाक्य कुठलं शिकलो? ‘मे आय कम इन, टीचर?’ दारात उभं राहून, पाठ केलेलं. तेव्हापासून ‘मे’ म्हणजे परवानगी मागायचा शब्द. शंका दाखवायला तो चालतो, हे पुस्तकात नंतर कधीतरी आलंही असेल, पण जिभेवर आलं नाही. तुम्हीही मराठी माध्यमाचे असाल तर आधी हा खण तपासा.

पहिली दुरुस्ती: नकाराची

सगळ्यात महाग पडते ती ही चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

पाठवायच्या आधी आपलं नकारी वाक्य परत मराठीत आणा आणि त्याच्यापुढे ‘छे, प्रश्नच नाही’ जोडून बघा. शोभतंय? मग ‘कॅन नॉट’ बरोबर. नाही शोभत, त्याऐवजी ‘बघू, सांगता येत नाही’ शोभतंय? मग ‘मे नॉट’ किंवा ‘माइट नॉट’. माझ्या वाक्याचं उदाहरण घ्या: ‘गाडी पोचणार नाही, छे, प्रश्नच नाही.’ ड्रायव्हर असं म्हणाला नव्हता. तेव्हा ‘द कंटेनर मे नॉट रीच बिफोर द गेट कट-ऑफ’ एवढंच लिहायचं होतं. एका शब्दाचा फरक, आणि एजंटने बुकिंग हलवायच्या आधी एक फोन नक्की केला असता.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी नंतर पडलो. मला कोणीतरी सांगितलं की ‘कुड’ म्हणजेही ‘कदाचित’. खरं आहे: ‘द वेसल कुड बी लेट’ म्हणजे बोटीला उशीर होईल कदाचित. मग मी नकारातही तेच वापरायला लागलो: ‘द वेसल कुड नॉट बी लेट.’ मला म्हणायचं होतं, कदाचित उशीर होणारही नाही. वाचणाऱ्याला कळलं, उशीर होणं शक्यच नाही! होकारात ‘मे’, ‘माइट’ आणि ‘कुड’ एका पंगतीला बसतात. नकार आला की ‘कुड’ उठून ‘कॅन’च्या पंगतीला जाऊन बसतो. शंकेच्या नकाराला दोनच शब्द ठेवा, ‘मे नॉट’ आणि ‘माइट नॉट’.

आणि या दोघांतही ‘मे नॉट’ नोटिशीत वापरताना जपून. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी एकदा कागद लागला होता: ‘मेंबर्स मे नॉट यूज द लिफ्ट ऑन संडे.’ लिफ्टचं काम निघालंय, कदाचित बंद राहील, असं सांगायचं होतं. वाचलं सगळ्यांनी असं की रविवारी लिफ्ट वापरायला मनाई आहे. कारण ‘मे’ला परवानगीचं जुनं काम आहेच, आणि नकार लागला की ते मनाईचं होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकू त्या दिवशी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्याने चढल्या आणि वर जाऊन बघतात तर लिफ्ट चालूच. अशा ठिकाणी ‘माइट नॉट बी एबल टू यूज’ लिहावं, किंवा वाक्य फिरवून ‘द लिफ्ट मे बी आउट ऑफ सर्व्हिस’ करावं. लिफ्टला कोण मनाई करणार!

दुसरी: होकारातला ‘कॅन’

‘द शिपमेंट कॅन बी डिलेड.’ हे वाक्य मी किती वेळा पाठवलं असेल, मोजदाद नाही. यात व्याकरणाची चूक काही नाही. पण अर्थ निघतो तो असा की शिपमेंट लांबवायची सोय आहे, किंवा एकूणातच अशा मालाला उशीर होऊ शकतो. आजच्या या मालाचं काय, ते वाक्य सांगतच नाही.

हे मुंबईच्या पावसावरून चांगलं कळतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यामुळे ‘मुंबईत एका दिवसात 900 मिलिमीटर पाऊस पडू शकतो’ हे कधीही खरं आहे. ऐन डिसेंबरात, कोरड्या आभाळाखाली उभं राहून म्हटलं तरी खरं. इंग्रजीत ते होईल ‘इट कॅन रेन नाइन हंड्रेड मिलिमीटर्स इन अ डे.’ हा ‘कॅन’ जागेचा, वस्तूचा, माणसाचा स्वभाव सांगतो: असं घडतं कधीकधी, घडलेलं आहे. पण ‘इट मे रेन नाइन हंड्रेड मिलिमीटर्स टुडे’ म्हणालात तर ऐकणारा ऑफिस सोडून स्टेशनकडे धावेल. ‘मे’ आजचं बोलतो, या घडीचं बोलतो. त्याच दिवशी कुलाब्याला मोजला गेला तो पाऊस होता 73 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला बसलेल्या माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय याचा पत्ता नव्हता. ‘कॅन’ आणि ‘मे’ यांतलं अंतरही मला तसंच वाटतं. एकाच शहराच्या दोन वेधशाळा, आकडे वेगळे.

तेव्हा परीक्षा ही: वाक्यात ‘कधीकधी’ घालून बघा. ‘लोकलला पावसात कधीकधी उशीर होतो’: ‘ट्रेन्स कॅन बी लेट इन द मॉन्सून.’ बसलं. ‘माझी आजची गाडी कधीकधी लेट होईल’ हे वाक्यच होत नाही, ‘कदाचित’ लागतो. म्हणून ‘माय ट्रेन मे बी लेट’.

हवामानाचा विषय निघालाच आहे तर ‘लाइकली’चंही सांगून टाकतो, कारण पावसाळ्यात आम्ही मेलमधे हवामान खात्याचं पत्रक उचलून चिकटवतो. खात्याच्या इंग्रजी पत्रकात हे शब्द मोजून वापरलेले असतात. ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75, ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे 75 च्या वर. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘लाइकली’ म्हणजे निम्म्याहून जास्त, होण्याकडेच कल. म्हणजे खात्याचा ‘लाइकली’ हा बोलीतल्या ‘माइट’च्या जवळचा. पत्रकातला शब्द परदेशी माणसाला पाठवताना सोबत टक्केवारीही पाठवावी, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

तिसरी: ‘असेल’चं काय करायचं

मराठीतला ‘असेल’ हा मोठा चतुर शब्द आहे. ‘तो आता गाडीत असेल.’ यात भविष्यकाळ नाही, अंदाज आहे. किती पक्का अंदाज, ते आपण आवाजावर आणि आजूबाजूच्या शब्दांवर सोडतो. ‘असेल की!’ वेगळा, ‘असेल बुवा’ वेगळा, ‘असेल नाहीतर नसेल, मला काय’ हा तर तिसराच. मेलमधे आवाज जात नाही. म्हणून इंग्रजीला प्रत्येक पायरीसाठी वेगळा शब्द हवा असतो.

आठ बाराची फास्ट सुटली, तो रोज तीच पकडतो, फोनला रेंज नाही: ‘ही मस्ट बी ऑन द ट्रेन.’ गाडीतच असणार, दुसरं काय. वेळ झालीय, नेहमीप्रमाणे सगळं सुरळीत असेल तर एव्हाना गाडीत बसलेला असायला हवा: ‘ही शुड बी ऑन द ट्रेन बाय नाऊ.’ आहे की नाही, दोन्हीला तेवढाच वाव: ‘ही मे बी ऑन द ट्रेन.’ आणि ‘माइट’, ‘कुड’ त्याच पायरीवर किंवा अर्धी पायरी खाली. ‘मे’ आणि ‘माइट’ यांत टक्क्यांचा हिशोब सांगणारे तक्ते मी खूप पाहिले. माझं स्पष्ट मत, त्यात वेळ घालवू नका. इंग्रजी बोलणारेच ते दोन बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी वापरतात. तुमचा तोटा होतो तो ‘मस्ट’ आणि ‘मे’ची अदलाबदल झाली की.

आता उलट बाजू. तो गाडीत असणं शक्य नाही, आत्ताच त्याला दादरला चहा पिताना पाहिलं. इथे ‘मस्ट’ला ‘नॉट’ लावायचा मोह होतो, आणि तो आवरायचा. ‘ही मस्ट नॉट बी ऑन द ट्रेन’ म्हटलं की त्याने गाडीत असता कामा नये, असा हुकूम वाटू शकतो. अंदाजाच्या ‘मस्ट’चा नकार ‘कान्ट’: ‘ही कान्ट बी ऑन द ट्रेन.’

चौथी: झालेल्या गोष्टीबद्दल

इथे मराठी माणसाला चक्क फायदा आहे, आणि तो आपण वापरत नाही.

‘त्याची गाडी चुकली असेल.’ चुकली की नाही, मला माहीत नाही. ‘तू हाक मारली नसतीस तर माझी गाडी चुकली असती.’ चुकली नाही, मी गाडीत बसून हे सांगतोय. ‘असेल’ आणि ‘असती’. मराठी मूल हा फरक शाळेत जायच्या आधी शिकतं आणि जन्मात चुकत नाही. इंग्रजीत याला दोन शब्द आहेत: ‘ही मे हॅव मिस्ड हिज ट्रेन’ आणि ‘आय माइट हॅव मिस्ड माय ट्रेन’. आणि गंमत म्हणजे इंग्रजी लिहिणारेच यात घोळ घालतात. नाल्यात पडलेल्या मुलाला बाहेर काढलं, मूल सुखरूप, आणि बातमीत ‘ही मे हॅव ड्राउन्ड’. वाचणाऱ्याचा जीव वर-खाली! मूल वाचलं असेल तर ‘माइट हॅव’ हवं.

तेव्हा इथे व्याकरणाचं पुस्तक बंद करा आणि स्वतःला मराठीत विचारा. ‘असेल’ आलं तर ‘मे हॅव’. (‘माइट हॅव’ही चालतं, तो दोन्हीकडे राबतो.) ‘असता, असती, असतं’ आलं तर ‘माइट हॅव’ किंवा ‘कुड हॅव’, ‘मे हॅव’ नाही. ‘पकडू शकलो असतो’ला ‘कुड हॅव’ नेमका बसतो: ‘आय कुड हॅव कॉट द ट्रेन.’ म्हणजे पकडली नाही.

त्यावरून ‘कुड हॅव’चा टोमणा. तिकडच्या एजंटला एकदा मी लिहिलं, ‘यू कुड हॅव इन्फॉर्म्ड अस.’ मला वाटलं मी म्हणतोय, तुम्ही कळवलंही असेल, आमच्या पाहण्यात आलं नसेल. त्याच्या कानात गेलं, ‘अहो, सांगायचं नाही का आधी!’ दोन दिवस त्याची मेल तुटक येत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाक्य दाखवलं. ती म्हणाली, “दादा, तुम्ही त्याला झापलंय.”

आणि काल जमलेली गोष्ट सांगताना नुसता ‘कुड’ नको. ‘काल पळत जाऊन गाडी पकडू शकलो’ म्हणजे ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’. ‘आय कुड कॅच’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. नकारात मात्र ‘कुड नॉट कॅच’ बिनधास्त.

फुटकळ, पण रोजची

‘कॅन एबल टू’ आणि ‘कुड नॉट एबल टू’ म्हणजे शकणं दोनदा झालं. एक काढा. ‘इट मे बी पॉसिबल दॅट’मधे शंका दोनदा, बहुतेक वेळा नुसत्या ‘मे’ने भागतं. ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’, ‘कुड’ यांच्यानंतर ‘टू’ नाही, क्रियापदाला ‘एस’ नाही.

‘मे बी’ तोडून लिहायचं की जोडून? आजकाल पोरं मराठीतही ‘मेबी येईन’ म्हणतात, त्यावरूनच ओळखा. जिथे ‘कदाचित’ ठेवता येतो तिथे जोडून: ‘मेबी ही इज लेट.’ जिथे तो काढला तर वाक्याचं क्रियापदच जातं तिथे तोडून: ‘ही मे बी लेट.’ ‘ही मेबी लेट’ जोडून लिहिलं तर वाक्यात क्रियापदच उरत नाही.

प्रश्न विचारताना शक्यतेचा ‘मे’ पुढे आणू नका. ‘मे इट रेन?’ ऐकायला वरुणराजाला घातलेल्या साकड्यासारखं वाटतं. ‘डू यू थिंक इट माइट रेन?’ म्हणावं.

फोनवरचं दुखणं वेगळंच. अमेरिकन माणूस होकारातला ‘कॅन’ गिळून ‘कन’ म्हणतो आणि नकारात ‘कॅन्ट’वर जोर देतो, शेवटचा ‘ट’ नीट ऐकूही येत नाही. आपण होकारातच ठासून ‘वी कॅन डू इट’ म्हणतो. त्याला ते ‘कॅन्ट’ वाटू शकतं. यावर उपाय उच्चार सुधारण्याचा नाही, नकार असेल तर पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणायचं आणि होकार असेल तर आधी ‘येस’ लावायचं.

हे सगळं डोक्यात भिनल्यावर मी बिल्डिंगमधे जरा जास्तच शहाणपणा करायला लागलो. मागच्या महिन्यात पाण्याची नोटीस लागली: ‘वॉटर विल नॉट कम टुमॉरो.’ मी सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, काका, पालिकेने कमी दाबाने पाणी येईल म्हटलंय, बंद नाही म्हटलेलं. ‘मे नॉट’ करा.

ते म्हणाले, “अरे, ‘मे’ लिहिलं तर एक माणूस पाणी भरून ठेवत नाही. मग सकाळी माझ्या दारात रांग. ‘विल नॉट’च बरं.”

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. साडेसहाला, नेहमीसारखं. घरातल्या सगळ्या बादल्या आणि पिंप आधीच काठोकाठ भरलेले होते.